पडकं पोर्तुगीज घर बघायला जाताय? हे आधी वाचा

गोव्यात तिसवाडी, बार्देश, सालसेत या तालुक्यांत कुठेही फिरा, झाडीत एखादं पोर्तुगीज काळातलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर पडत आलेलं दिसतंच. थेट आत घुसू नका, आधी शेजारी विचारा. मालक बऱ्याचदा मुंबईला नाहीतर लिस्बनला, वारसदार दहा-बारा, गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून मुलगा-मुलगी दोघांना हिस्सा, मग सगळ्यांच्या सह्या जुळेपर्यंत छप्पर खाली आलेलं असतं. पण शेजारच्या काकींकडे बहुतेक वेळा किल्ली असते आणि घराची निम्मी हकीकत पण.

जायचं ते दिवाळीनंतर, गवत सुकलं की. पावसाळ्यात अजिबात नको, चिरा पाणी पितो, भिंत जड होते, सांध्यातली माती वाहून जाते आणि भिंत कधी कोसळेल सांगता येत नाही. बूट, टॉर्च, मोजायची टेप घ्या, सोबत कोणीतरी हवंच, कारण परसातल्या विहिरीचा कठडा पडलेला असतो आणि वर रान माजलेलं.

आत गेलात की आधी वर बघा, मगच पाय टाका. खाली पडलेलं मंगळुरी कौल उलटं करून बघा, बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्यातलं असेल तर 1865 दिसेल, लोक लगेच घराचं वय काढतात, पण ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. त्यावरून एवढंच कळतं की ही कौलं त्यानंतर चढली, भिंती त्याआधीच्या असू शकतात. जुने अर्धगोल नळे (जुन्या पद्धतीची कौलं) सापडले तर नीट फोटो काढा.

मग खिडकीपाशी थांबा, घाई करू नका. भिंत इतकी जाड की खिडकीच्या पोटातच दोन बाजूंना समोरासमोर बसायची जागा केलेली असते. झडपेत काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात, घासून चौकोनी केलेले, नखाएवढे पातळ. दुपारी त्यातून दुधाळ उजेड येतो, तो एकदा बघाच, मला तरी दुसरं काही तसं वाटलेलं नाही.

भिंतीतला पिंपळ ओढून काढायचा नाही, मुळाबरोबर चिरे येतात. सिमेंटने भेगा बुजवायचा सल्लाही कोणी मागितला तर देऊ नका, चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे आत कोंडते.

शिंपला खाली पडलेला मिळाला तरी खिशात घालू नका, टेप लावून फोटो घ्या, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवा आणि फोटोंची एक कॉपी काकींना द्या.