डीव्हीडी ड्राइव्ह चालेना? या चुका टाळा

सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह हल्ली क्वचितच लागतो, आणि लागतो तेव्हा हमखास रुसतो. मग सुरू होतं ते 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. केबल सैल झालेली असते आणि माणूस विंडोज नव्याने टाकत बसतो, किंवा डिस्क खराब असते आणि नवा ड्राइव्ह मागवला जातो. बिघाड डिस्कमध्ये आहे, ड्राइव्हमध्ये, केबलमध्ये की विंडोजमध्ये, एवढं आधी ठरवलं तर बरेचसे उपद्व्याप वाचतात.

एकाच डिस्कवरून निकाल देऊ नका

निदान एक सीडी आणि एक डीव्हीडी घालून बघा. दोन्ही वाचायला ड्राइव्हमध्ये वेगवेगळे लेझर वापरतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा. त्यामुळे सीडी व्यवस्थित वाचली जाते पण एकही डीव्हीडी चालत नाही, किंवा याच्या उलट, असं होऊ शकतं. अशा वेळी बहुधा तो एक लेझर दमलेला असतो आणि कुठल्याही सेटिंगने तो सुधारत नाही. ब्लू-रे डिस्कला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो, त्यामुळे साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती चालणारच नाही. घरी राइट केलेली डिस्क 'फायनलाइज' करायची, म्हणजे शेवटी लिखाण बंद करून पक्की करायची, राहिली असेल, तर ज्या मशीनवर ती केली तिथे चालते आणि दुसरीकडे कोरी दिसते.

डिस्क शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसायची सवय सोडा. माहिती वर्तुळाकार मार्गावर लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा गेला तर माहितीचा लांबच लांब तुकडा सलग जातो आणि चूक सुधारणारी यंत्रणा तिथे हात टेकते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. मधल्या भोकाजवळ तडा गेलेली डिस्क तर घालूच नका. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. तिचे आतल्या आत तुकडे झाले तर ड्राइव्हही गेला.

बायोस न बघता विंडोजमध्ये शिरू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कॉम्प्युटर सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि यादीत ड्राइव्हचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. मशीन बंद करून प्लग काढा आणि ड्राइव्हला जोडलेल्या साटा प्रकारच्या दोन्ही केबल, पॉवरची रुंद आणि डेटाची अरुंद, काढून पुन्हा घट्ट बसवा. तरी नाही दिसला तर डेटा केबल किंवा मदरबोर्डवरचा पोर्ट बदलून बघा. ट्रे उघडतो, दिवा लागतो म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, असं समजू नका. त्याला फक्त पॉवर पुरते. कॅबिनेट झाडल्यावर किंवा रॅम बदलल्यावर ड्राइव्ह गायब झाला असेल, तर पहिला संशय केबलवरच.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडा. ड्राइव्हवर पिवळी खूण असेल तर तिथूनच तो अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज तो स्वतःहून पुन्हा बसवतं. वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करायची गरज सहसा नसते. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाही जाऊ नका.

खुणेसोबत कोड १९ किंवा ३९ आला, तर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथल्या) 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण या नावाच्या नोंदी इतर उपकरणांच्या फोल्डरमध्येही असतात. त्या फोल्डरची नावं लांबलचक आकडे-अक्षरांची असतात, आणि सीडी ड्राइव्हच्या व कीबोर्डच्या नावात जेमतेम एका अक्षराचा फरक असतो. कीबोर्डची 'अपरफिल्टर्स' उडवली तर कीबोर्ड बंद. म्हणून फोल्डर उघडल्यावर उजवीकडे 'क्लास'समोर 'सीडीरॉम' लिहिलंय याची खात्री करा, फोल्डर एक्स्पोर्ट करून त्याची प्रत ठेवा आणि मगच नोंद काढा.

फाइल्स दिसतात पण डीव्हीडीवरचा सिनेमा लागत नाही, एवढीच तक्रार असेल तर ड्राइव्हला हात लावू नका. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजसोबत येत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, काम झालं.

ट्रे आणि लेन्सवर जोर नको

अडकलेला ट्रे स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. पुढच्या पट्टीवर टाचणीएवढं भोक असतं. मशीन बंद करून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप घाला आणि अडेपर्यंत सरळ आत दाबा. ट्रे थोडा बाहेर येतो, बाकीचा हाताने ओढा. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण ट्रे हलत नसेल, तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलता येतो.

लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच दिसते. ती बारीक तारांवर तरंगत असते, त्यामुळे दाबायची नाही आणि जवळून जोराची हवाही मारायची नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून हलकेच फिरवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, लेन्स प्लास्टिकची असते. डेस्कटॉपचा ड्राइव्ह लेन्ससाठी उघडला, तर उघडा ठेवून चालू करू नका. लेझर डोळ्यांसाठी घातक आहे.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह डिस्क फिरायला लागताच डिस्कनेक्ट होत असेल, तर त्याला करंट पुरत नाही. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो आणि फिरायला सुरुवात होताना त्याहून जास्त लागू शकतो. मधला हब काढून ड्राइव्ह थेट मशीनला जोडा.

एवढं करूनही लॅपटॉपचा ड्राइव्ह बदलायचीच वेळ आली, तर नुसतं मॉडेल बघून मागवू नका, आधी जाडी मोजा. १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीचे ड्राइव्ह मिळतात आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पुढची पट्टी मात्र जुन्या ड्राइव्हचीच नव्याला लावावी लागते. ती क्लिपांवर असते आणि ट्रे बाहेर काढल्याशिवाय निघत नाही.