रानकांदा: ओळख आणि बियांपासून लागवड

फाल्गुन-चैत्रात माळावरचं गवत करपलेलं असताना मुरमाड जमिनीतून एखादा उघडाबोडका दांडा वर आलेला दिसतो. पान एकही नाही. हाच रानकांदा, काहीजण कोळकांदाही म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो अर्जिनिया इंडिका म्हणून सापडेल, आताचं नाव ड्रिमिया इंडिका. पूर्वी लिलीच्या कुळात धरायचे, हल्ली शतावरीच्या कुळात.

ओळखायचा तो याच दिवसांत. दांड्यावर फुलं विरळ, खाली झुकलेली, सहा पाकळ्यांची. पाकळी मधोमध तपकिरी-हिरवट, कडेला पांढरट. उमलतात अंधार पडू लागल्यावर, त्यामुळे भर दुपारी जाऊन ‘यात काय बघायचं’ म्हणू नका. पावसाळ्यात नुसती पट्टीसारखी पानं असतात; तेव्हा छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. नावात कांदा असला तरी चाखून बघायचा नाही. तो विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो, आणि रसाने हाताला खाज सुटते. हातमोजे घाला.

रानातला कांदा उपटून आणू नका. बी पुरतं. बोंडं हिरवी असतानाच त्यांना मलमलीची पुरचुंडी बांधा, कारण ती तडकली की काळं, चपटं, हलकं बी वाऱ्यावर जातं. थोडी बोंडं घ्या, बाकीची झाडावर राहू द्या. बी त्याच वर्षी, पाऊस लागताच, निम्मी जाडी वाळू आणि निम्मी पोयटा माती घेऊन जेमतेम झाकेल इतकं पेरा. दोऱ्यासारखं एकेकच पान येईल.

खरी गोम पावसाळ्यानंतर आहे. पानं पिवळी पडू लागली की लोक घाबरून पाणी वाढवतात, वर खत घालतात. ‘कुंडी कधी कोरडी पडू देऊ नये’ हा सल्ला तुळशीला ठीक. इथे त्यानेच रोपं मरतात. पान पिवळं पडणं हा आजार नव्हे, कांदा झोपी जातोय. त्याला ओल मिळाली की तो बुडख्यापासून सडतो, आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून पानं वाळायला लागताच पाणी बंद. ‘अधूनमधून शिंपडा’सुद्धा नाही, अगदी बंद.

पण कोरडं म्हणजे तापलेलं नव्हे. काळी प्लास्टिकची पिशवी मार्च-एप्रिलमध्ये गच्चीच्या स्लॅबवर ठेवलीत तर आतला इवलासा कांदा भाजून निघेल. पिशव्या वळचणीला, सावलीत ठेवा. जिवंत आहे का, म्हणून उकरून पाहायची खाज आवरा. एखाद्या वळवाच्या सरीने बिघडत नाही. रोजच्या तांब्याभर पाण्याने बिघडतं.

दोन-तीन पावसाळे काढले की उन्हाळ्याच्या शेवटी निचऱ्याच्या उतारावर, मान मातीखाली राहील असा लावा. फुलासाठी आणखी काही वर्षं थांबावं लागतं. शेजारी एक दगड रोवून ठेवा. कित्येक महिने वर काहीच दिसत नाही आणि आळी करणाऱ्याचं कुदळ नेमकं तिथेच पडतं.