एएमटी गिअरचा भरलेला ट्रेलर घाटात कसा चालवावा

चाकण, तळेगाव आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत पोलादाच्या कॉइल आणि अवजड यंत्रे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरांमध्ये आता क्लचचे पेडल नसलेल्या गाड्याही दिसतात. या गाड्यांमधला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स पूर्ण ऑटोमॅटिक मोटारीसारखा नसतो. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच कोरडी क्लच प्लेट असते. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी व हाताऐवजी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते आणि कधी बदलायचे ते संगणक ठरवतो. त्या संगणकाला गाडीवरचे वजन, वेग आणि चाकांखालचा चढ समजतो, परंतु बहुतेक गाड्यांत पुढच्या वळणानंतर काय आहे हे त्याला कळत नाही. ते चालकाला दिसते, म्हणून घाटात निर्णय चालकानेच आणि वेळेआधी घ्यायचा असतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर हवेच्या टाक्यांचा दाब पुरेसा होईपर्यंत थांबावे. हवा कमी असेल तर ब्रेक कमी लागतोच, शिवाय अनेक गाड्यांत गिअरही पडत नाही, आणि चालक मात्र गिअरबॉक्स बिघडला असे समजून लिव्हर पुन्हा पुन्हा हलवत बसतो. हवा भरल्यावर, ब्रेकवर पाय ठेवून मगच न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये यावे.

क्लच प्लेट जळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे. टोलनाक्याच्या रांगेत किंवा घाटातल्या कोंडीत पुढची गाडी दोन हात सरकली की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि गाडी मागे येऊ नये म्हणून तसाच दाबून ठेवायचा, ही सवय अनेकांना असते. त्या वेळी प्लेट अर्धवट जोडलेली असते आणि सगळे वजन घर्षणावर तोललेले असते. भरलेल्या ट्रेलरला हे काही मिनिटेही परवडत नाही. थांबायचे असेल तर ब्रेकवर थांबावे, पुढे पुरेशी जागा मोकळी झाली की एकदाच, ठामपणे निघावे, आणि चढावरून सुटताना गाडीत हिल-होल्ड (ब्रेकवरचा पाय उचलल्यावरही गाडी मागे येऊ न देणारी सोय) असल्यास तो वापरावा. तो गाडीला जेमतेम काही सेकंद धरतो, हे मात्र लक्षात ठेवावे. क्लच तापल्याची सूचना डॅशबोर्डवर आली तर सुरक्षित जागी उभे राहून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून ती जाईपर्यंत वाट पाहावी.

चढ लागण्यापूर्वी, म्हणजे खंबाटकी घाटाची पहिली वळणे दिसू लागताच, गाडीत पॉवर मोड असल्यास तो निवडावा किंवा मॅन्युअलवर येऊन गिअर खाली घ्यावा. ऑटोमध्ये सोडल्यास यंत्रणा वेग पडेपर्यंत वाट पाहते. मग ऐन वळणात गिअर बदलते आणि बदलाच्या त्या क्षणात चाकांपर्यंत ताकद पोहोचत नसल्याने अवजड गाडी आणखी मंदावते. एक गिअर आधी उतरवून तोच धरून ठेवणे इंजिनाला आणि क्लचला दोघांनाही सोपे जाते.

उताराबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने धुरांवरील वजनाची मर्यादा वाढवल्यानंतर ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलरचे मिळून एकूण वजन 55 टनांपर्यंत जाऊ शकते. अशी गाडी 100 मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे 15 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण 620 मीटर उंच आहे आणि खोपोली त्याच्या 500 मीटरहून अधिक खाली आहे. म्हणजे बोरघाट उतरताना 75 युनिटांहून अधिक ऊर्जा अगदी थोड्या वेळात उष्णतेत बदलते. तिचा मोठा वाटा इंजिनाने आणि रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग रोखणारे यंत्र) असल्यास त्याने घेतला नाही, तर सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर, येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही.

म्हणून उतार सुरू होण्याआधी, सपाट रस्त्यावरच वेग कमी करावा, क्रूझ कंट्रोल बंद करावे, मॅन्युअलवर यावे आणि त्याच वजनाने तो घाट चढायला जो गिअर लागला असता तो किंवा त्याहून एक खालचा गिअर निवडावा. मग इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच रोधाने गाडी धरणारी सोय, लावावा. इंजिनाचे फेरे जास्त असतील तितका तो अधिक धरतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नये. वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून तो ताशी आठ-दहा किलोमीटरने खाली आणावा आणि मग पाय पूर्ण उचलावा. ब्रेकवर हलका पाय ठेवून घाटभर उतरत राहिल्यास ड्रमला थंड होण्याची सवडच मिळत नाही. उतारावर गिअर खाली घ्यायचा असेल तर आधी ब्रेकने वेग उतरवावा, कारण फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर यंत्रणा गिअर पडू देत नाही.

न्यूट्रलबद्दल मला अगदी कळकळीने लिहावेसे वाटते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर झालेल्या अपघातांनी पुणेकरांना किती छळले आहे, हे सांगायला नको. डिझेल वाचेल या समजुतीने तिथे गाडी न्यूट्रलवर सोडली जाते, आणि ती समजूतच चुकीची आहे. इलेक्ट्रॉनिक इंजिनाची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की फेरे आयडलजवळ येईपर्यंत इंधनाचा पुरवठा बंद असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. काहीही वाचत नाही आणि इंजिनाची पकड हातची जाते. वेग वाढल्यावर योग्य गिअर पुन्हा पडेलच याची खात्री नसते. इंजिनच बंद केले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकसाठी नवी हवा भरत नाही. सौम्य उतारावर आपोआप न्यूट्रल करणारी इको-रोल सुविधा असेल तर तीही घाटाआधी बंद करावी.

पावसाळ्यात थोडी वेगळी काळजी घ्यावी. इंजिन ब्रेक आणि रिटार्डर फक्त ट्रॅक्टरच्या, इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना धरतात, ट्रेलरला नाही. ओल्या रस्त्यावर, विशेषतः रिकामा ट्रेलर असताना, ती चाके घसरली तर मागचा ट्रेलर पुढे रेटून गाडी मधोमध दुमडते. अशा वेळी इंजिन ब्रेक खालच्या टप्प्यावर ठेवावा आणि मुळातच वेग कमी असावा.

कारखान्याच्या आवारात ट्रेलर मागे घेताना सर्वांत खालचा रिव्हर्स गिअर वापरावा आणि दिशा बदलण्याआधी गाडी पूर्ण थांबू द्यावी. उभी करताना हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग इंजिन बंद, असा क्रम ठेवावा. अनेक एएमटी गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर गिअर गाडीला धरत नाही, म्हणून उतारावर चाकांखाली लाकडी ठोकळे लावणे आवश्यक आहे. क्लच प्लेट बदलल्यावर यंत्रणेला नव्या प्लेटची पकड नव्याने शिकवावी लागते. ती प्रक्रिया पूर्ण झाली का, हे वर्कशॉप सोडण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि भरलेली गाडी घाटात नेण्याआधी सपाट रस्त्यावर एकदा थांबवून व सुरू करून पाहावी.