पक्षाघातानंतर फोनवरून विचारपूस करताना या चुका टाळा

"काका, कसं आहे आता?" "बरं आहे." एवढ्यावर रँकिन श्रेणी (पक्षाघातानंतर माणूस किती परावलंबी झाला, हे सांगणारा आकडा) लिहून फोन ठेवला, तर ती श्रेणी काकांची नसते, आपल्या अंदाजाची असते. साधारण ९० व्या दिवशी नोंदवल्या जाणाऱ्या या श्रेणीत ० म्हणजे कसलंच लक्षण नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेलं, ६ म्हणजे मृत्यू. टोकं फोनवरही कळतात. घोळ होतो तो २ आणि ३ मध्ये.

२ म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, पण स्वतःचं स्वतः उरकतं. ३ म्हणजे कुणीतरी हाताशी लागतं, चालणं मात्र आपलं आपण. (काठी चालते, बायकोचा खांदा नाही.) त्यामुळे "चालता का?" विचारून भागत नाही. "संडासला जाताना बरोबर कोण असतं?" असं विचारा. "घरचे आठवडाभर गावाला गेले तर तुमचं निभेल का?" हेही विचारा. इथे हमखास फसगत होते. "ह्यांनी कधी चहासुद्धा केला नाही," असं काकू सांगतात. करत नाहीत आणि करता येत नाही, यांत फरक आहे. डबा मागवून वाढून घेणं, पैसे देणं, आंघोळ जमते का, ते बघा. गुडघे आधीच धरलेले असतील, तर आजारापूर्वीची श्रेणी वेगळी लिहा.

फोन मुलानेच घेतला, तर उत्तर कुणाचं ते नोंदवा. घरचे बहुधा त्रास वाढवून सांगतात. उलट, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना आपला डावा हात लुळा आहे हेच उमगत नाही. ते "ठणठणीत" म्हणतील. वाचा गेली असेल, तर घरच्यांशिवाय इलाजच नाही.

व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दिसतो. मोबाइल डब्याला टेकवून ठेवायला सांगा, शर्टाची बटणं लावून दाखवू द्या. चालायला लावायचं तर शेजारी माणूस हवाच. एनआयएचएसएस, म्हणजे पक्षाघाताची तीव्रता मोजणारी तपासणी, मात्र साध्या फोनवर होत नाही. स्पर्श कळतो का हे पाहायला रुग्णाजवळ कुणीतरी लागतं.

आणि समोरासमोर चूक होत नाही असं कुठे आहे? आमच्या ओपीडीत एक आजोबा व्हीलचेअरवर आले. मी ४, म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, असं लिहून मोकळा झालो. नंतर सून म्हणाली, गेटपासून लांब पडतं म्हणून बसवलं; घरी ते रोज एकटे देवळात जाऊन येतात.