जुनी आरपीजी पुस्तकं शोधताय? खिसा रिकामा करायच्या आधी या चुका टाळा

डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून खेळायचा आरपीजी (रोलप्लेइंग गेम). त्याची छपाई बंद झालेली पुस्तकं हवी झाली की बहुतेक जण ईबेवर नाव टाकतात, समोरचा आकडा बघून डोळे पांढरे होतात आणि मग एकतर नाद सोडून देतात नाहीतर तोच आकडा खरा धरून पैसे भरून मोकळे होतात. अहो, तो भाव नाहीये, ती विकणाऱ्याची इच्छा आहे. फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' म्हणून टिक असते ती लावा, मग तेच पुस्तक हल्ली खरंच कितीला गेलं ते दिसतं, आणि बऱ्याचदा दोन आकड्यांत एवढा फरक असतो की हसू येतं. चढ्या किमतीला टाकलेली पुस्तकं महिनोन्महिने तिथेच पडलेली असतात, कुणी घेत नाही म्हणूनच तर ती तुम्हाला सारखी दिसतात.

'रेअर' शब्दाला भुलू नका. 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे बी२ क्रमांकाचं मॉड्यूल (खेळायला तयार साहसकथेचं पुस्तक) काही वर्षं डीअँडडीच्या नवशिक्यांसाठीच्या बेसिक सेटच्या प्रत्येक खोक्यात घालून विकलं जायचं, म्हणजे जुन्या मॉड्यूलांत याच्याइतकं सहज मिळणारं दुसरं शोधावं लागेल, तरी त्याच्यापुढे कॅपिटलमध्ये रेअर लिहून अव्वाच्या सव्वा मागणारे आहेतच.

आधी ठरवा, खेळायचंय की कपाटात लावायचंय?

हा प्रश्न न विचारता खरेदीला बसणं ही सगळ्यात महागडी चूक. तुम्हाला फक्त नियम आणि मजकूर हवा असेल तर जुन्या प्रतीची गरजच नसते पुष्कळदा. विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ मध्ये डीअँडडी काढणारी टीएसआर कंपनी विकत घेतली, आणि त्या काळातलं बरंच काही आज ड्राइव्हथ्रूआरपीजी किंवा डीएम्स गिल्ड या वेबसाइटवर अधिकृत पीडीएफमध्ये मिळतं, काहींची प्रिंट ऑन डिमांड (मागणी आली की छापलेली) प्रतसुद्धा. आता गंमत अशी की २००९ च्या एप्रिलमध्ये विझर्ड्सने सगळ्या पीडीएफ एका फटक्यात बंद केल्या होत्या आणि २०१३ मध्ये परत आणल्या, त्यामुळे मधल्या चार वर्षांतला सल्ला कुठे वाचलात तर 'कुठेच मिळत नाही' असंच लिहिलेलं सापडेल आणि लोक अजून ते खरं मानून जुन्या प्रतींच्या मागे धावतात. फक्त डीअँडडीच नाही, १९८६ चं पहिलं वॉरहॅमर फँटसी रोलप्ले हा दुसरा आरपीजीसुद्धा पीडीएफमध्ये आहे.

प्रिंट ऑन डिमांड घेताना एक बघा, जुन्या पुस्तकांच्या बाबतीत ती स्कॅनवरून छापलेली असते, म्हणजे कुठेकुठे अक्षर पुसट आणि मोठा घडीचा नकाशा पानापानांवर तुकडे करून. आधी प्रिव्ह्यू उघडून बघायचा, आळस नाही करायचा. आणि अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडीची पहिल्या आवृत्तीची मुख्य तीन पुस्तकं २०१२ मध्ये जाड पुठ्ठ्यात पुन्हा छापली होती, टेबलवर वापरायला हवी असतील तर तीही शोधात ठेवा.

छपाई कुठली ते न विचारता पैसे पाठवणं

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे डीअँडडीचं देवदेवतांवरचं १९८० चं पुस्तक 'डीटीज अँड डेमीगॉड्स'. सुरुवातीच्या छपायांत क्थुल्हू (लव्हक्राफ्टच्या भयकथांतला) आणि मेल्निबोने (मूरकॉकच्या कादंबऱ्यांतलं) या दोन काल्पनिक जगांची प्रकरणं होती, पानं १४४. नंतर ती काढून टाकली आणि पुस्तक १२८ पानांचं झालं. कव्हर तेच! म्हणजे फोटोत दोन्ही प्रती सारख्याच दिसतात, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. विकणाऱ्याकडे अनुक्रमणिकेचा आणि शेवटच्या पानाच्या नंबराचा फोटो मागायचा, बस, एवढ्यात निकाल लागतो. फोटो द्यायला का-कू करत असेल तर पुढे चला.

आता उलटी बाजू. १९८५ मध्ये तेच १२८ पानी पुस्तक 'लेजेंड्स अँड लोअर' या नावाने नव्या कव्हरसकट आलं. आतला मजकूर तोच, पण जुन्या कव्हरवर जीव असलेले लोक त्याच्याकडे बघतही नाहीत त्यामुळे ते स्वस्तात सुटायची शक्यता जास्त. फक्त १९९० चं त्याच नावाचं पुस्तक घेऊ नका हं, ते दुसऱ्या आवृत्तीचं आणि पूर्ण वेगळं आहे, लिस्टिंगमध्ये नाव सारखंच असल्याने फसायला होतं. प्लेअर्स हँडबुक, मॉन्स्टर मॅन्युअल, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गाइड या तिघांचंही तसंच, १९८३ मध्ये त्यांना नारिंगी पाठीची नवी कव्हरं आली, आत मजकूर जवळपास जुनाच. खेळायला ती उत्तम.

प्रतीची अवस्था

जुन्या पुस्तकांच्या बाजारात 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, 'गुड' म्हणजे वापरून वापरून थकलेलं. 'व्हेरी गुड'वरही लगेच खूश होऊ नका, त्यातही कोपरे दुमडलेले, आत कुणाचं तरी नाव लिहिलेलं असू शकतं. १९८५ चं 'अनअर्थ्ड अर्काना' तर बाइंडिंग सुटण्यासाठी बदनामच आहे, ते घेताना पुस्तक उघडून धरलेला, मधली शिवण दिसणारा फोटो हवाच. वासाबद्दलही विचारा. तिकडे अमेरिकेत पुस्तकं वर्षानुवर्षं तळघरात पडलेली असतात, ओल धरलेली प्रत आपल्याकडे पावसाळ्यात आली की शेजारच्या पुस्तकांनाही बुरशी देते.

खोक्यातला सेट असेल तर आतल्या एकेका वस्तूची यादी मागा. डीअँडडीच्या १९९४ च्या प्लेनस्केपच्या खोक्यात पुस्तकांबरोबर मोठे नकाशे आणि डीएम स्क्रीन (डीएमने समोर उभा करायचा आडपडदा) होती आणि नेमके नकाशेच गायब असतात, कारण कुणीतरी ते होस्टेलच्या भिंतीला लावलेले असतात. पण उगाच घाबरूही नका, १९७९ च्या सुमारास फाशांची टंचाई होती म्हणून बेसिक सेटमध्ये फाशांऐवजी कार्डबोर्डचे आकडे दिले होते, तेव्हा फासे नाहीत म्हणजे सेट अपुरा असं नाही.

फक्त ईबेवर बसून राहू नका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं नोबल नाइट हे जुन्या गेम्सचं मोठं दुकान, किंमत कधीकधी जास्त असते पण प्रतीची अवस्था नीट लिहिलेली असते आणि विशलिस्टमध्ये टाकून ठेवता येतं. एबबुक्स या साइटवर नेहमीचे पुस्तकविक्रेते असतात, त्यांना आरपीजीचा भाव ठाऊक नसला तर कधी लॉटरी लागते. ईबेवरच शोधायचं तर सर्च सेव्ह करा, चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा, आणि एकेक पुस्तकाऐवजी 'लॉट' बघा. कुणीतरी पोटमाळा साफ करताना काढलेला गठ्ठा असतो, त्यात तुम्हाला हवं ते एक आणि नको ती आठ, ती आठ विकून टाकायची.

भारतात मागवताना पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त होतं हे खरंय, वर २०१९ च्या बजेटमध्ये आयात पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्युटी लावली, आणि कुरिअरवाल्यांचा चार्ज वेगळाच. न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात मावशी, चुलतभाऊ कुणी असेलच ना आपल्यापैकी बऱ्याच जणांचं, त्यांच्या पत्त्यावर मीडिया मेलने मागवा. हे पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल आहे, संथ आहे आणि अमेरिकेतल्या अमेरिकेतच चालतं. फक्त सहा हार्डबॅक मागवून मग मावशीला 'जरा बॅगेत टाकशील का' असं नका म्हणू, चकलीची भाजणी आणि मेतकूट न्यायच्या आधी तिला ते वजन आठवेल आणि पुढच्या वेळी फोनच उचलणार नाही.

जिथे थांबून फायदा नाही

लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कॉमिक्स-कादंबरी-सिनेमाचे हक्क घेऊन निघालेल्या गेम्सचं गणित वेगळं. टीएसआरचं १९८४ चं मार्व्हल सुपर हीरोज, आयसीई या प्रकाशकाचं (टॉल्किनच्या जगावरचं) मिडल-अर्थ रोलप्लेइंग ज्याचं लायसन्स १९९९ मध्ये गेलं, यांचे हक्क दोन-तीन ठिकाणी अडकलेले असतात त्यामुळे अधिकृत पीडीएफ येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. वेस्ट एंड या प्रकाशकाच्या १९८७ च्या स्टार वॉर्स आरपीजीचं २०१८ मध्ये फँटसी फ्लाइट या दुसऱ्या प्रकाशकाने रीप्रिंट काढलं ते अपवाद. बाकी लायसन्सवाल्यांत सोल्ड लिस्टिंगच्या सरासरीच्या आसपास, कव्हर थोडं फाटलेली पण पानं पूर्ण असलेली प्रत दिसली की घेऊन टाका.