भ्रमात पडणे म्हणजे काय? पाखंडखंडनाचे जुने ख्रिस्ती ग्रंथ वाचण्याची रीत

वहीच्या पानावर चार उभे रकाने आखा: क्रियापद, कोण भरकटले, कशामुळे, आणि परत यायला वाट ठेवली आहे का. पाखंड म्हणजे मंडळीने (चर्चने) खोटे ठरवलेले मत. त्याविरुद्ध लिहिणारा जुना ख्रिस्ती लेखक इरेनेयस असो, टर्टुलियन असो की एपिफेनियस, उतारा वाचताना हे पान शेजारी हवे. एका बैठकीला अर्धे पान उतारा पुरे. दीड तास सहज जातो.

जालना-संभाजीनगरकडे अभ्यासगटात हे ग्रंथ वाचायचे म्हटले, तर बहुधा इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीतून समजावायचे, अशी दुहेरी कसरत असते. पहिली गडबड तिथेच होते. इंग्रजीत 'एरर' दिसले की सांगणारा 'चूक' म्हणून मोकळा होतो, आणि वहीखात्यातली बेरीज चुकणे व विश्वासाची वाट चुकणे एकाच मापाने मोजले जाते. ग्रीक शब्द आहे 'प्लाने', म्हणजे भटकणे. ग्रहांना ग्रीक लोक भटके तारे म्हणत. बायबलमधल्या यहूदाच्या पत्रात 13व्या वचनात खोट्या शिक्षकांना हीच उपमा दिली आहे. लॅटिन 'एरारे'चा अर्थही भटकणेच. आपल्याकडे याला तोडीस तोड शब्द तयार आहे: भ्रम. भ्रम आणि भ्रमण एकाच धातूतून आले आहेत. तेव्हा 'चूक' न लिहिता 'भ्रम' किंवा 'भरकटणे' लिहा.

दुसरा ग्रीक शब्द 'हायरेसिस', म्हणजे पुढे ज्याला पाखंड म्हटले गेले तो. त्याचा मूळ अर्थ निवड. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 5:17 मध्ये तो सदूकी या यहुदी पंथासाठी आला आहे, तिथे तो शिवी नाही. इ.स. 200च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन मात्र या अर्थावरच बोट ठेवतो: पाखंडी माणसाने स्वतः निवड केली, म्हणून तो स्वतःच दोषी ठरतो. म्हणजे भ्रमात पडणे ही एक पायरी आणि तो भ्रम निवडून धरून बसणे ही दुसरी. ऑगस्टीन या बिशपने आपल्या 43व्या पत्रात हा फरक स्पष्ट केला आहे. ज्यांना खोटे मत आईबापांकडून मिळाले, जे हट्टाने त्याची बाजू लढवत नाहीत, सत्य शोधतात आणि सापडल्यावर सुधारायला तयार असतात, त्यांना पाखंडी म्हणू नये, असे तो म्हणतो. चौथा रकाना यासाठीच आहे. तो रिकामा राहिला तर लेखक माणसाशी बोलत नसून माणसाविषयी इतरांना सावध करतो आहे, असे समजा.

सुरुवात इरेनेयसपासून करा. लियोंच्या या बिशपने इ.स. 180च्या सुमारास पाखंडांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. पूर्ण ग्रंथ आज लॅटिन भाषांतरात आहे, ग्रीकचे तुकडेच उरले आहेत. पहिल्या भागाच्या पहिल्या अध्यायापासून वाचू नका; तिथे व्हॅलेंटिनस या पाखंडी ठरवलेल्या शिक्षकाच्या पंथातल्या 30 'आयोनां'ची (दिव्य शक्तींची) वंशावळ लागते आणि वाचणारा तिथेच थकतो. आधी प्रस्तावना वाचा (भ्रम उघडा फिरत नाही, नटूनथटून येतो, ही तिथली मुख्य गोष्ट). मग 1.10 (म्हणजे पहिला भाग, दहावा अध्याय). तिथे मंडळीचा विश्वास थोडक्यात दिला आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. भरकटला म्हणायचे तर वाट कोणती, हे आधी ठरलेले हवे.

मग 1.28 मधला तातियनविषयीचा उतारा रकान्यांत भरून पाहा. तातियन हा जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकाचा शिष्य. जस्टिन असेपर्यंत त्याने पाखंडी असे काही मांडले नाही. गुरू हुतात्मा झाल्यावर तो मंडळीपासून वेगळा झाला. आपण शिक्षक आहोत या विचाराने फुगला. स्वतःची शिकवण रचली. क्रियापदे मांडली की दिसते, इथे पाय घसरलेला नाही, पायऱ्या उतरलेल्या आहेत. तिसऱ्या रकान्यात 'गर्व' लिहा, पण बाजूला 'विरोधकाचे म्हणणे' अशी खूण करा. टर्टुलियन व्हॅलेंटिनसबद्दल असेच सांगतो: बिशपपद हुकले म्हणून बिथरला. कारणांचा साचा सारखा दिसला की तो पुरावा म्हणून वापरू नये.

सर्वात मोलाचा भाग 1.8 आणि 1.9. तिथे पाखंडी लोक शास्त्रवचने कशी वापरतात यासाठी इरेनेयस एक उपमा देतो: कारागिराने रत्नांनी राजाचे चित्र केले. कोणी तेच खडे उचकटून कोल्हा केला आणि हाच राजा म्हणाला. खडे खरे, मांडणी खोटी. ग्रीक कवी होमरच्या विखुरलेल्या ओळी जोडून नवीच कथा करण्याचे उदाहरणही तो देतो. हे गटात करून पाहावे: एकनाथांच्या भारुडांतून सहा ओळी सुट्या उचला, भलताच अर्थ निघेल अशा जोडा, मग प्रत्येक ओळ मूळ जागी परत ठेवा. इरेनेयसचा उपाय हाच आहे. महानुभावांना हे नवीन नाही. चक्रधरांचे सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे 'प्रकरणवश' या ग्रंथात पाहिल्याशिवाय अर्थ लावायचा नाही, ही शिस्त त्याच जातीची.

एक घोटाळा हमखास होतो. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने 251मध्ये 'पतितां'विषयी लिहिले, ते लोक भ्रमात पडलेले नव्हते. रोमन सम्राट डेसियसच्या छळात भीतीने त्यांनी देवतांना बळी वाहिले होते. ते कृतीचे पतन, मताचे नव्हे. त्यांना पाखंड्यांच्या रकान्यात टाकू नका. एपिफेनियसची 80 पाखंडांची यादीही तशीच जपून वाचा; हा आकडा बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकातल्या 80 उपपत्नींवरून घेतला आहे, मोजणी करून आलेला नाही.

शेवटी दुसरी बाजू वाचा. 1945मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या कॉप्टिक (जुन्या इजिप्ती भाषेतल्या) हस्तलिखितांत 'सत्याचे शुभवर्तमान' आहे. या नावाच्या ग्रंथावर इरेनेयस 3.11 मध्ये टीका करतो. या शुभवर्तमानातही भ्रम आहे, पण तो माणसाचा दोष म्हणून नव्हे, तर स्वतः वावरणारी शक्ती म्हणून: व्याकुळता धुक्यासारखी दाटते, कोणाला काही दिसत नाही, आणि भ्रमाला बळ चढते. त्यासाठी नवे पान घ्या, रकाने तेच ठेवा. 'कोण भरकटले' हा रकाना इथे भरताना वेळ लागेल. घाईने 'मनुष्य' लिहू नका.