पऱ्हाटी पेटवू नका, वाळवा आणि दाबा

कापसाचा शेवटचा वेचा झाला की आपल्याकडे धुऱ्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या उरलेल्या काड्या, रचून काडी लावतात, अन् दरवर्षी ते पाहून जीव तुटते, कारण वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे साधारण 3,500 ते 4,000 किलोकॅलरी उष्णता राहते, म्हणजे आपल्या भरपूर राखेच्या दगडी कोळशाच्या आसपासच.

ती मशीनमध्ये दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या विटा, बनवता येतात. पण मशीनच्या आधी माती अन् ओल सांभाळा. पऱ्हाटी चिमट्याने उपटून मुळं नीट आपटा, मातीतली रेती मशीनचा साचा (डाय) खाऊन टाकते आणि बॉयलरमध्ये राखेचे दगड बनतात. डिसेंबर-जानेवारीतच काढा, फरदड, म्हणजे आणखी वेच्यासाठी पीक उभं ठेवणं, नको, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते.

मग श्रेडर, हॅमर मिल, बारीक भुसा. ओल 10-12 टक्क्यांच्या आत पाहिजे. मोजायला 100 ग्रॅम भुसा घ्या, ओव्हनमध्ये 105 डिग्रीवर वजन उतरणं थांबेपर्यंत ठेवा, 90 उरला तर ओल 10 टक्के. आम्ही एकदा अवकाळी पाऊस खाल्लेला माल घाईघाईत दाबला, आत वाफ कोंडली, ब्रिकेट आडव्या फुटत गेल्या, पूर्ण लॉट वाया गेला भाऊ, खूप जिवाला लागलं. तेव्हापासून वाळल्याशिवाय मशीनला हातच लावत नाही.

गोंद-बिंद काही घालायचं नाही, दाबामुळे तापून काडीतलं लिग्निन, म्हणजे लाकडाचा नैसर्गिक चिकट घटक, मऊ होते, तेच भुसा धरून ठेवते. भंडारा-गोंदियाकडचा धानाचा कोंडा मिसळता येते, पण त्यात 20 टक्क्यांच्या आसपास राख, तीही सिलिकाची, म्हणून बेताने.

द्यायचं कुठं ते आधी ठरवा. कोराडी, चंद्रपूर, पारससारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा दळून जाळतात, तशा ठिकाणी पेलेट, म्हणजे दाबलेल्या बारीक गोळ्या, लागतात. जाड ब्रिकेट जाळीवाल्या बॉयलरला चालतात. केंद्राच्या धोरणात कोळशासोबत 5 टक्के बायोमास जाळायचं 2024-25 पासून बंधन आहे, त्यामुळे मागणी आहे.

गावचा सुका कचरा मात्र पऱ्हाटीत कधीच मिसळू नका. पुठ्ठा, चिंध्या, रिसायकल न होणारी पाकिटं यांचा वेगळा आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं जळण, बनते, 2016 च्या नियमांनी किलोमागे 1,500 किलोकॅलरीच्या वरचा असा कचरा डम्पिंगवर टाकायला बंदी घातली होती. त्यातून पीव्हीसीचे पाइप, रेक्झिन हातानं वेचून काढाच, त्यातल्या क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्या सडतात अन् विषारी डायॉक्सिन निघते, आपलीच पोरं ते श्वासात घेतात.

तयार ब्रिकेट बादलीभर पाण्यात टाका, लगेच बुडली तर दाब बरोबर बसला. माल शेडमध्येच, फळ्यांवर ठेवा, पाणी लागलं की परत भुसा होते.